कंपनीनं सपोर्ट बंद केला, आता लाईट गेली की स्मार्ट स्विच मरतो: रीसेट मारायच्या आधी हे वाचा

आधी प्रॉब्लेम सांगतो, बऱ्याच जणांचा सेम असणार. उदगीरला आई-अण्णांच्या घरी मी काही वर्षांपूर्वी वायफायचा टच स्विचबोर्ड बसवला होता, चार बटनांचा, त्यातलं एक बटन बोअरच्या मोटारीचं. बसवायचं कारण एकच, आईचे गुडघे. स्टार्टर खाली जिन्यापाशी, टाकी गच्चीवर, आणि टाकी भरली की नाही बघायला वर अन् मोटार बंद करायला खाली असं दिवसातून दोनदा तिला जमेना गेलं. टायमर लावला, सकाळी सहाला मोटार चालू, पंचवीस मिनिटांनी बंद, टाकी भरून मोकळं. पाण्याची किंमत आपल्या भागात कुणाला सांगावी लागत नाही, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं तेव्हा मी इथंच होतो, त्यामुळं टाकी वाहून पाणी वाया गेलं की जीव तुटतो.

मग त्या कंपनीनं धंदा गुंडाळला. नाव घेत नाही, लहान कंपनी होती. ॲप उघडलं की नुसतं गोल फिरत राहायचं. पण टायमर मात्र चालूच राहिला, म्हणून मी पण गाफील राहिलो. तीन आठवड्यांनी आईचा फोन, "अरे मोटार चालूच होईना गेलीय, टाकीत थेंब नाही." त्या रात्री दोन तास लाईट नव्हती एवढंच झालं होतं. तिथून दर वेळी हेच, लाईट गेली-आली की टायमर मेला, हातानं बटन दाबलं तर चालतंय पण आपोआप काहीच नाही.

कारण असंय की या स्वस्तातल्या बोर्डात घड्याळाची बॅटरी नसते. किती वाजले हे बोर्ड चालू झाल्यावर इंटरनेटवरून विचारून घेतो, आणि आमचा बोर्ड ते कंपनीच्याच सर्व्हरला विचारायचा. टायमर बोर्डाच्या मेमरीत जसाच्या तसा आहे, पण वाजलेत किती हेच माहीत नाही म्हणल्यावर सहा वाजल्याचं त्याला कळणार कसं. म्हणून सर्व्हर बंद झाल्या झाल्या काही बिघडत नाही, पहिल्यांदा लाईट गेली की बिघडतं. तुमच्याकडं "कधी चालतंय कधी नाही" असं व्हायलं असेल तर आधी लाईट कधी गेली होती ते आठवून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रीसेट करू नका. बटन पाच-दहा सेकंद दाबून धरायचं, एलईडी भराभर ब्लिंक व्हायला लागला की सोडायचं, हे आपल्या हाताला सवयीचं झालंय आणि वायरमन पण पहिलं तेच करतो. मी पण वरच्या मजल्यावरचा बोर्ड असाच रीसेट केला, आणि तो परत ॲपला कधीच जोडला गेला नाही. कारण नवीन डिव्हाइस जोडताना ॲप कंपनीच्या सर्व्हरकडं जातं, तिथं डिव्हाइसची नोंद होते, किल्ली तयार होते, मग ती बोर्डात उतरते. सर्व्हरच नसेल तर हे व्हायचं कुठं? जोडलेला बोर्ड निदान वायफायवर तरी असतो, रीसेट केलेला भिंतीवरचा साधा स्विच होऊन बसतो. अमेरिकेत एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टीऑन या स्मार्ट स्विच-दिवे बनवणाऱ्या कंपनीचे सर्व्हर काही न सांगता एका झटक्यात बंद पडले तेव्हा लोक एकमेकांना हेच सांगत होते की हबला (घरातली सगळी डिव्हाइस जोडणारा डबा) फॅक्टरी रीसेट मारू नका, घरातल्या घरात तो अजून चालतो. त्याच जूनमध्ये काही ग्राहकांनीच मिळून ती कंपनी विकत घेतली आणि सर्व्हर परत चालू केले. आपल्या इथं असं कोण करणारंय, आपलं आपल्यालाच बघावं लागतं.

म्हणून आधी खरंच कंपनीमुळं बंद पडलंय का दुसरं काही, ते बघा. राउटरच्या पेजवर जाऊन जोडलेल्या डिव्हाइसची यादी काढा. तिथं एस्प्रेसिफ किंवा टुया (अशा बोर्डांच्या चिप आणि मॉड्यूल बनवणाऱ्या कंपन्या) असं काहीतरी नाव दिसलं आणि आयपी मिळालेला असला तर वायफाय ठीक आहे, सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे. यादीत नसेलच तर नवीन राउटर बसवलाय का विचारा. फायबरवाला येतो, जुना राउटर नेतो, नव्यात २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ एकाच नावानं चालू, वर डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सिक्युरिटीची नवी पद्धत) लावलेलं, जुनी डिव्हाइस फक्त २.४ वाली, ती लटकतात. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, नव्या राउटरला जुन्याचंच वायफाय नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, एक अक्षर पण बदलू नका, कॅपिटल-स्मॉल सकट. डिव्हाइसला राउटर बदललेला कळत पण नाही, आपोआप जोडलं जातं, रीसेटची गरजच पडत नाही. सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ ठेवा, २.४ चा चॅनल १, ६ किंवा ११ वर फिक्स करा.

आणि डिव्हाइस जोडलं जातंय, दोन मिनिटांत सुटतंय, परत जोडलं जातंय, असं असेल तर बोर्ड उघडून कपॅसिटर बघा. आपल्याकडचं व्होल्टेज वर-खाली होतं, मे महिन्यात भिंती तापतात, पॉवर सप्लायचा छोटा कपॅसिटर वरून फुगतो आणि रिले (बोर्डातला टक वाजणारा आपोआप स्विच) ओढायच्या क्षणी व्होल्टेज पडून चिप रीस्टार्ट होते. त्यात कंपनीचा काही संबंध नाही. रेडिओ-टीव्ही रिपेअरवाला मिस्त्री दहा मिनिटांत बदलून देतो.

आता सर्व्हरचाच प्रॉब्लेम आहे असं ठरलं की पुढं काय.

बल्ब, प्लग असल्या बऱ्याच वस्तूंवर ब्रँड वेगळा असतो पण आतला माल टुया या चिनी कंपनीच्या प्लॅटफॉर्मचा असतो. ब्रँडचं स्वतःचं ॲप बंद पडलं तरी ती वस्तू टुयाच्याच स्मार्ट लाइफ ॲपला जोडली जाते. ओळखायचं कसं, तर जोडताना वस्तू जे स्वतःचं वायफाय सोडते त्याच्या नावात स्मार्टलाइफ असतं, किंवा जुन्या ॲपमध्ये खाली कुठंतरी टुयाचं नाव असतं. पण दुसऱ्या ॲपला जोडायचं म्हणजे रीसेट आलाच, म्हणून सगळ्यात बिनकामाच्या बल्बवर आधी करून बघा, तो जोडला गेला तरच त्याच ब्रँडच्या बाकीच्यांना हात लावा.

एकदा स्मार्ट लाइफवर आलं की लगेच दुसरं काम उरका, लोकल की काढून ठेवा. ही सोळा अक्षरांची किल्ली असते, ती हातात असली की घरातला कॉम्प्युटर त्या बल्बशी थेट घरच्या वायफायवरून बोलू शकतो, कंपनीच्या सर्व्हरला जाऊन परत यायची गरज नाही. होम असिस्टंट (घरातल्याच कॉम्प्युटरवरून सगळी स्मार्ट डिव्हाइस चालवायचं सॉफ्टवेअर) टाकलं असेल तर त्यात टुया लोकल नावाचं इंटिग्रेशन वेगळं टाकता येतं, स्मार्ट लाइफनं क्यूआर स्कॅन केला की किल्ल्या आपोआप येतात, नाहीतर टायनीटुया नावाचं कॉम्प्युटरवरचं टूल वापरून काढा. किल्ली कागदावर उतरवून ठेवा. परत रीसेट केला की किल्ली बदलते, हे विसरू नका. आणि हे सगळं सर्व्हर चालू आहे तोवरच होतं, म्हणून ज्यांचं अजून व्यवस्थित चाललंय त्यांनी याच रविवारी करून घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या बोर्डाचं मात्र टुयाशी काही घेणंदेणं नव्हतं, कंपनीचंच सगळं. तिथं एकच रस्ता उरला, आतलं सॉफ्टवेअर पुसून टास्मोटा टाकायचं, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरशिवाय चालणारं मोफत सॉफ्टवेअर. हे जरा सविस्तर सांगतो कारण सगळे इथंच अडकतात.

पहिलं, एमसीबी पाडा, बोर्डाच्या वायरींचे फोटो काढा, वायरी सोडवा, बोर्ड भिंतीतून काढून टेबलावर आणा. भिंतीत असताना, लाईन जोडलेली असताना लॅपटॉप लावायचा नाही म्हणजे नाही. या बोर्डातला ग्राउंड म्हणजे अर्थिंग नव्हे, तो थेट २३० व्होल्टच्या लाईनशी जोडलेला असू शकतो, लॅपटॉप तर जाईलच, माणूस पण जाईल.

काच नखानं उचकटली की खाली चौकोनी पत्र्याचं झाकण असलेलं मॉड्यूल दिसतं. त्यावर ईएसपी८२६६, ईएसपी-१२ किंवा टीवायडब्ल्यूई३एस लिहिलेलं असलं तर नशीब चांगलं. सीबी३एस किंवा डब्ल्यूबी३एस असेल तर आत बीके७२३१ चिप आहे, त्यावर टास्मोटा चालत नाही, ओपनबेकेन नाहीतर ईएसपीहोम ही तसलीच दुसरी सॉफ्टवेअर टाकावी लागतात. आमच्यात ईएसपी८२६६ निघाला.

मॉड्यूलच्या कडेला चार बारीक टिकल्या होत्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या पण नाहीत, शेजारी ३व्ही३, आरएक्स, टीएक्स, जीएनडी. आई मोबाईलची टॉर्च धरून उभी, मी २५ वॅटची सोल्डर घेऊन एकेक वायर टेकवायलो. लॅपटॉप चिपला जोडायला यूएसबी ते टीटीएल ॲडॉप्टर लागतो, सीपी२१०२ किंवा सीएच३४० वाला, ऑनलाइन स्वस्तात मिळतो. त्याचा जंपर ३.३ वर ठेवा, ५ व्होल्ट दिला की चिप मेली. ॲडॉप्टरचा टीएक्स बोर्डाच्या आरएक्सला आणि आरएक्स टीएक्सला, उलटसुलट. आणि पाचवी वायर जीपीआयओ० (चिपची एक पिन), ती ग्राउंडला धरून ठेवूनच पॉवर द्यायचा, तरच चिप लिहून घ्यायच्या मोडमध्ये जाते. आमच्या बोर्डावर जीपीआयओ० म्हणजे पहिलं टच बटनच होतं पण दाबून जमेना, शेवटी मॉड्यूलच्या पायालाच वायर टेकवून आईला म्हणलं हे असं धरून ठेव, हलू नको.

पहिल्या दोन वेळा ईएसपीटूलनं (लॅपटॉपवरून चिपमध्ये सॉफ्टवेअर टाकायचं टूल) "टाइम्ड आउट वेटिंग फॉर पॅकेट हेडर" असा एरर दिला. हा एरर आला की शंभरातल्या नव्वद वेळा तीनपैकी एक असतं, टीएक्स-आरएक्स उलटे, जीपीआयओ० सुटलेला, नाहीतर ॲडॉप्टरचा ३.३ व्होल्ट कमजोर. आमचं तिसरं निघालं. वायफाय चालू होताना ही चिप क्षणभर ३०० मिलीॲम्पच्या पुढं ओढते, स्वस्त ॲडॉप्टर तेवढा देत नाही. वेगळं ३.३ व्होल्टचं छोटं सप्लाय मॉड्यूल लावलं, ग्राउंड एकत्र जोडला आणि झालं. टाकायच्या आधी जुन्या सॉफ्टवेअरचा बॅकअप घ्या, ईएसपीटूलमध्ये फ्लॅश (चिपची मेमरी) वाचायची कमांड आहे, मेमरी असेल तेवढी फाइल होते, काही चुकलं तर परत तीच टाकता येते. मग फ्लॅश पुसायची आणि टास्मोटाची फाइल लिहायची, मिनिटभराचं काम.

कोणतं बटन कुठल्या पिनवर हे टास्मोटाच्या टेम्प्लेटच्या यादीत तुमचा बोर्ड सापडला तर आयतं मिळतं. आमचा नव्हता, म्हणून एकेक पिन रिले म्हणून लावून कुठला टक वाजतो ते ऐकत बसलो. हे करताना मोटारीची वायर सुटलेलीच पाहिजे. जीपीआयओ ६ ते ११ ला हात लावायचा नाही, ते फ्लॅश मेमरीचे आहेत.

सॉफ्टवेअर टाकून अर्धंच काम होतं. मराठवाड्यातल्या लाईटीसाठी त्याच्या कन्सोलमध्ये चार सेटिंग बदलावीच लागतात, इथं देवनागरीत लिहितोय, तिकडं इंग्रजीत टाइप करा.

टाइमझोन +५:३०. मुळात ते युरोपच्या वेळेवर असतं, नाही बदललं तर सहाची मोटार साडेदहाला चालू होईल, आणि तुम्हाला वाटेल बोर्डच खराब आहे. टायमर सोळा लावता येतात. अंगणातल्या दिव्यासाठी अक्षांश-रेखांश टाकले की सूर्यास्ताला दिवा आपोआप लागतो, लातूरचे साधारण १८.४० आणि ७६.५६.

पॉवरऑनस्टेट ०. म्हणजे लाईट आल्यावर रिले बंदच राहील. मुळात टास्मोटा लाईट जायच्या आधी जसं होतं तसं परत करतो, दिव्याला ते ठीक आहे पण मोटार मध्यरात्री लाईट आली की आपोआप चालू झाली, बोअरला पाणी नाही, कोरडी चालून जळाली, असं व्हायला नको.

पल्सटाइम. ही माझी सगळ्यात आवडती सेटिंग आहे. मोटार कुणीही चालू करो, हातानं, मोबाईलवर, टायमरनं, ठरलेल्या वेळानंतर रिले स्वतःच बंद होतो, त्याला घड्याळ लागत नाही, इंटरनेट लागत नाही, वायफाय पण लागत नाही. फक्त आकडा टाकायची पद्धत विचित्र आहे, सेकंदात १०० मिळवून लिहायचं. पंचवीस मिनिटं म्हणजे १५०० सेकंद, म्हणून १६००.

सेटऑप्शन६५ ला १. हे मला नंतर कळलं. औशाला चुलतभावाकडं पण असाच बोर्ड करून दिला होता, दोन महिने छान चालला, मग जूनच्या सुरुवातीच्या एका वावटळीत लाईट भकभक करायली, गेली-आली गेली-आली, आणि दुसऱ्या दिवशी बोर्डातलं सगळं सेटिंग गायब. भाऊ म्हणला, "तात्या, तुझं ते टाकलेलं उडून गेलं बघ." झालं असं की टास्मोटात एक सोय आहे, लागोपाठ सातदा पॉवर बंद-चालू केला की बोर्ड समजतो मालक अडकलाय आणि सेटिंग मूळ पदावर नेतो. युरोपात ही सोय असेल, आपल्याकडं ती आपोआप होते. ती बंद करायची ही कमांड. कंपनीच्या बल्बांत पण हेच असतं, तिथं तर बऱ्याचदा तीनदाच बंद-चालू झालं की बल्ब पेअरिंग मोडमध्ये जातो, आणि सर्व्हर नसला तर तो बल्ब गेलाच समजा. म्हणून असे बल्ब असतील तर लाईट भकभकायला लागल्या लागल्या भिंतीवरचं बटन बंद करून टाका, स्थिर झाली की चालू करा. लेकरांना पण शिकवून ठेवा.

मोटारीचं अजून एक. या बोर्डातला रिले दहा ॲम्पचा लिहिलेला असतो पण एक एचपीची मोटार चालू होताना त्याच्या कितीतरी पट करंट ओढते, काही महिन्यांत रिलेचे पॉइंट चिकटतात आणि मग मोबाईलवर बंद दिसतंय पण मोटार चालूच. मध्ये कॉन्टॅक्टर लावा, बोर्डानं फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल ओढायची, मोटारीचा भार कॉन्टॅक्टर घेतो. वायरमनला एवढंच सांगितलं तरी त्याला कळतं.

लांबून बघायचं असेल, म्हणजे मी लातूरला आणि मोटार उदगीरला, तर घरात एक छोटा सर्व्हर लागतो. जुना ६४ बिटचा लॅपटॉप, ४ जीबी रॅम, त्यावर होम असिस्टंट, बास. हे २०१३ पासून चालू असलेलं मोफत सॉफ्टवेअर आहे, एका कंपनीच्या मर्जीवर नाही. बोर्ड आणि लॅपटॉप यांच्यात बोलणं एमक्यूटीटीनं होतं, ही पद्धत १९९९ मध्ये ओसाड भागातल्या तेलाच्या पाइपलाइनवर सॅटेलाइटनं लक्ष ठेवायला काढली होती, तुटक नेटवर्क आणि कमी डेटा हेच तिचं मूळ काम, त्यामुळं आपल्याकडं ती मस्त चालते. बाहेरून आत यायला टेलस्केल (दोन डिव्हाइसमध्ये इंटरनेटवरून खासगी जोडणी करणारं सॉफ्टवेअर) लावलं, राउटरवर पोर्ट उघडायची गरज नाही. राउटरला बारा व्होल्टचा मिनी यूपीएस लावा, नाहीतर लाईट आल्यावर बोर्ड पाच सेकंदात उठतो आणि राउटरला दोन मिनिटं लागतात. घड्याळासाठी त्याच लॅपटॉपवर एनटीपी (वेळ सांगणारा) सर्व्हर चालू करून बोर्डांना त्याचा आयपी दिला, आता फायबर तुटलेलं असलं तरी सहा वाजले की सहाच वाजतात. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली नाही ना एवढं मधूनमधून बघत जा.

कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात. ॲप बंद पडलं म्हणून कॅमेरा फेकू नका, खोक्यावर ओएनव्हीआयएफ किंवा आरटीएसपी (ॲपशिवाय व्हिडिओ द्यायच्या पद्धती) लिहिलेलं असेल तर कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये थेट दिसतो. पण अपडेट बंद झालेला कॅमेरा इंटरनेटवर उघडा ठेवू नका, २०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसनं असेच डीफॉल्ट पासवर्डवाले कॅमेरे आणि डीव्हीआर लाखांनी ताब्यात घेतले होते. राउटरमध्ये त्या कॅमेऱ्याचं बाहेरचं नेट ब्लॉक करा, घरात दिसलं म्हणजे झालं.

शेवटचं काम मी मागच्या खेपेला केलं आणि खरं तर ते पहिलं करायला पाहिजे होतं. कॉन्टॅक्टरच्या शेजारी एक साधा दोन बाजूंचा स्विच बसवला, वर केला की बोर्डावर, खाली केला की थेट हातानं. आणि डीबीच्या (एमसीबीच्या डब्याच्या) झाकणाच्या आतून एक कागद चिकटवला, वायफायचं नाव, पासवर्ड, बोर्डाचे आयपी, पल्सटाइम १६००, आणि मोठ्या अक्षरात "बटन दाबून धरू नये". अण्णांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणले याची एक झेरॉक्स काढून आण, वायरमनला देऊन ठेवतो. आणून दिली.